पिवळ्या मातीतली काळी रेघ

माझ्या उजव्या हातातल्या बांगडीला कायम एक सेफ्टी पिन अडकवलेली असते. आईची सवय, तिच्याकडे ती आजीकडून आली. केंब्रिजशरमधल्या एका शेताच्या बांधावर, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, आमच्या सुपरवायझरनं त्या पिनेकडे बोट दाखवलं आणि ती गाडीत ठेवून यायला सांगितलं. सोन्याची बांगडी राहू दे म्हणाला, सोन्याचा यंत्राला त्रास नाही. पिन मात्र लोखंडाची. पँटची झिप लोखंडाची नको, बुटाच्या टाचेत खिळा नको, खिशात किल्ली नको. त्या दिवशी मला मॅग्नेटोमीटर, म्हणजे मातीच्या चुंबकत्वातले बारीक फरक टिपून खाली गाडलेल्या जुन्या खुणा दाखवणारं यंत्र, घेऊन शेतात चालायचं होतं.

इंग्लंडमध्ये पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४९ हजार नॅनोटेस्ला भरतं. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी खणलेला आणि पुढे हळूहळू बुजून गेलेला चर त्यात जो फरक पाडतो तो दोन-चार नॅनोटेस्लाचा, फार तर दहाचा. माणूस राहतो तिथे चूल पेटते, राख पडते, शेण आणि काडीकचरा कुजतो, आणि त्या मातीतल्या लोहाचं रूप बदलतं. ती माती पावसानं वाहत चरात उतरते आणि तिथेच बसते. वरून किती पिढ्यांचे नांगर फिरले तरी खालचा तो भराव शेजारच्या मातीहून किंचित जास्त चुंबकीय राहतो. एवढीशी खूण. माझ्या पिनेनं ती सहज झाकली गेली असती.

दिवसभर मी दोऱ्या ताणून आखलेल्या रेषांवरून एका लयीत जात-येत राहिले. गहू बोटभर वर आलेला होता आणि शेत सगळीकडे सारखंच हिरवं दिसत होतं. संध्याकाळी केबिनमध्ये लॅपटॉपवर चित्र उमटलं. राखाडी पटावर काळ्या रेघा: एक मोठा चौकोन, त्याला लागून दोन लहान, मधून गेलेली गाडीवाट, आणि एका कोपऱ्यात ठिपक्यांचा पुंजका. कुणाचं तरी घर, गोठा, आवार. चहाचा कप हातात तसाच राहिला. अकरा वर्षं हे काम करते आहे, तरी चित्र उमटतं त्या क्षणी मला अजूनही गप्प व्हायला होतं.

या शेतावर आता घरं होणार आहेत. दहा हेक्टर, म्हणजे आपले साधारण पंचवीस एकर. गावाचं नाव लिहीत नाही, कारण परवानगीचा निर्णय अजून व्हायचा आहे. बांधकामाआधी खाली काय आहे ते बघायचं आणि लिहून द्यायचं, एवढंच माझं काम. इथे त्याला इव्हॅल्युएशन म्हणतात. आईला सांगताना मी ‘जमिनीची तपासणी’ म्हणते. पुरातत्त्व म्हटलं की लेणी, किल्ले, मंदिरं डोळ्यांसमोर येतात. माझी अकरा वर्षं गव्हाच्या शेतांत, बंद पडलेल्या रोपवाटिकांत, शाळांच्या मैदानांमागे, उद्या जिथे पार्किंग होणार अशा जागांवर गेली.

इथल्या लोकांनाही हे काही आपोआप सुचलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरं पुन्हा उभी राहिली, मोटरवे झाले, गावांभोवती वसाहती वाढल्या, आणि त्यात किती काय गेलं याचा हिशेब कुणाकडेच नाही. १९७१ मध्ये काही पुरातत्त्वज्ञांनी एक संस्था काढली, तिचं नावच ‘रेस्क्यू’. बुलडोझर येण्याआधी हाताला लागेल ते वाचवायचं, असे ते दिवस होते. मग १९८९ साल आलं. लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठावर ऑफिसच्या इमारतीसाठी जागा मोकळी केली तेव्हा खाली रोझ नाट्यगृहाचा पाया निघाला, १५८७ मध्ये बांधलेल्या. शेक्सपिअरची सुरुवातीची नाटकं जिथे झाली ती ही जागा. नट-नट्या, विद्यार्थी, साधे लंडनकर तिथे जाऊन उभे राहिले. परवानगी आधीच दिलेली, पैसा अडकलेला, आणि खाली हे असं. शेवटी इमारत झालीच. अवशेष तिच्या पोटात राखून ठेवले.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९० मध्ये, सरकारनं ‘पीपीजी १६’ या नावानं एक मार्गदर्शक काढलं. त्यातलं म्हणणं साधं होतं: खाली काय आहे ते परवानगी देण्याआधी बघा, आणि बघण्याचा खर्च ज्याला बांधायचं आहे त्यानं करावा. नंतर कागद बदलले, नावं बदलली. २०१२ पासून राष्ट्रीय नियोजन धोरणाच्या चौकटीत हेच आहे. त्यातलं एक कलम मला फार मोलाचं वाटतं. नोंद करून ठेवता येईल, एवढ्या आधारावर नाशाला परवानगी देता येत नाही. आधी त्या जागेचं महत्त्व तोलायचं, मग ठरवायचं.

गावातले लोक कुंपणापाशी येतात. बरोबर कुत्रं असतं, हातात चहाचा थर्मास. “काही मिळालं का?” असं विचारतात तेव्हा त्यांच्या आवाजात आशा असते, की एखादा रोमन महाल निघावा आणि ही घरं टळावीत. बिल्डरचा माणूसही आठवड्यातून एकदा येतो आणि नेमकं हेच विचारतो, उलट्या आशेनं. दोघांनाही मी सांगते, अहवाल येईल त्यात सगळं असेल. खरं तर घरं सहसा थांबत नाहीत. नकाशा जरा सरकतो, मुलांचं मैदान अवशेषांवर येतं म्हणजे तिथे पाया खणावा लागत नाही, किंवा आधी सगळं रीतसर उत्खनन होतं आणि मग वीट बसते. मला स्वतःला घरं व्हायला हवी असतात. या देशात नऊ वर्षं भाड्यानं राहिले. दर दीड-दोन वर्षांनी खोकी बांधायची, मिसळणाचा डबा कुठल्या खोक्यात गेला ते शोधायचं. ज्याला घर हवं आहे त्याच्या वाटेत उभं राहण्यासाठी मी ट्रॉवेल हातात घेतलेली नाही.

चुंबकाच्या चित्रावर विसंबून भागत नाही. काही माती बोलकी असते, काही मुकी. थडगी, खांबांचे लहान खड्डे त्यात निसटतात. म्हणून पुढची पायरी म्हणजे ट्रेंच, खाली काय आहे ते बघायला खणलेला लांब, अरुंद खड्डा. कौंटीच्या पुरातत्त्वाधिकाऱ्यानं या शेताचं चार टक्के क्षेत्र खणून बघायला सांगितलं. दहा हेक्टरचे चार टक्के म्हणजे चार हजार चौरस मीटर. पन्नास मीटर लांब आणि दोन मीटर रुंद अशा चाळीस ट्रेंच. त्या नुसत्या ओळीनं मारायच्या नाहीत. काही चित्रातल्या रेघांवर आडव्या, काही मुद्दाम जिथे काहीच दिसलं नाही तिथे.

यंत्र येतं ते आपल्याकडच्या जेसीबीच्या मोठ्या भावासारखं, साखळीच्या पट्ट्यांवर चालणारं, कमरेत पूर्ण गोल फिरणारं. साइटवर सगळे त्याला थ्री-सिक्स्टी म्हणतात. त्याला दात नसलेली रुंद, सपाट बकेट लावतात, कारण दात माती फाडतात आणि फाडलेल्या मातीत काही वाचता येत नाही. ड्रायव्हर चांगला असेल तर दहा-दहा सेंटिमीटरचा पापुद्रा काढत जातो. एवढ्या अवजड यंत्राकडून इतकं हळुवार काम करून घेणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. मी बकेटच्या बाजूनं, नजर न हलवता चालते. वर नांगरटीची माती तीसएक सेंटिमीटर, खाली तपकिरी थर वीसएक, आणि मग एकाएकी पिवळं. तिथे हात वर करायचा. इथे त्या पिवळ्याला ‘नॅचरल’ म्हणतात: हिमयुगानं आणून टाकलेली, माणसाचा हात न लागलेली माती.

मी डेक्कन कॉलेजची. येरवड्याला शिकत असताना पहिल्याच सर्वेक्षणात सरांनी सांगितलं होतं, गावात गेल्यावर ‘प्राचीन स्थळ कुठे आहे’ असं विचारू नका, कुणालाही कळणार नाही. ‘पांढरी कुठे आहे’ असं विचारा. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. चुलींची राख, पडक्या भिंतींची माती, रोजचं शेणसारवण, हे पिढ्यान् पिढ्या एकावर एक बसत गेलं की काळ्या रानात एक राखट, पांढुरकं टेकाड उभं राहतं. घोडनदीकाठचं इनामगाव तसंच, प्रवरेकाठचं दायमाबाद तसंच. गावकरी ती माती धाब्याच्या छपरावर घालायला नेतात, खत म्हणून शेतात टाकतात, आणि नेता नेता खापरं बाजूला फेकतात. आम्ही ती खापरं वेचत जायचो. काळ्यात पांढरं शोधायला माझा डोळा असा तयार झाला.

इंग्लंडमध्ये सगळं उलटं. इथे निसर्गाची माती फिकी आणि माणसाची माती काळी. पहिले कित्येक आठवडे मी चुकत राहिले. फिकट पट्टा दिसला की थबकायचे, तो निघायचा साधा वाळूचा थर. आणि दीड मीटर रुंदीचा काळसर पट्टा पिवळ्यावरून ढळढळीत आडवा गेलेला असला तरी माझी नजर त्यावरून घसरायची, शेजारच्या ट्रेंचमधली विशीतली मुलगी तिथूनच ओरडायची, “अगं, ती बघ, ती!” मग मी स्वतःला रोज सकाळी गाडीत सांगायला लागले: आज पिवळ्यात काळं बघायचं. पुढे कधीतरी तसं सांगावं लागेनासं झालं.

डेक्कन कॉलेजात ज्यांनी पुरातत्त्वाचा पाया घातला ते हसमुख सांकलिया १९३०च्या दशकात लंडनला पीएचडीसाठी आले होते, आणि डॉर्सेटमधल्या मेडन कॅसलच्या उत्खननात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरच्या हाताखाली त्यांनी काम केलं. १९३९ मध्ये ते डेक्कन कॉलेजात रुजू झाले. खड्ड्याची भिंत ओळंब्यात ठेवायची, थरांना क्रमांक द्यायचे, माती खणण्याआधी वाचायची, ही शिस्त त्या पिढीबरोबर पुण्यात रुजली. मी ती पुण्याहून घेऊन इथे आले. नोकरीच्या पहिल्या महिन्यात सुपरवायझर माझ्या सेक्शनपुढे, म्हणजे खड्ड्याच्या उभ्या कापलेल्या भिंतीपुढे, उभा राहून म्हणाला, भिंत फार सरळ आहे, कुठे शिकलीस? मी सांगितलं. त्याला सांकलियांचं नाव ठाऊक नव्हतं. दुपारच्या सुट्टीत व्हॅनमध्ये बसून मी त्याला सगळं सांगितलं, इनामगावपर्यंत.

ट्रेंचमधून आधी येतात ते तुकडे. निळ्या नक्षीच्या बश्यांचे, पांढऱ्या मातीच्या तंबाखूच्या चिलमींचे, बाटल्यांच्या हिरव्या काचांचे. नवीन आले तेव्हा मला वाटायचं, इथे नक्की घर असणार. नव्हतं. गावातल्या घरांचा केर आणि फुटकी भांडी खताच्या ढिगात पडायची आणि खताबरोबर गाडीतून शेतात यायची. म्हणजे उकिरडाच. आपल्याकडे नांगरटीत बांगड्यांच्या काचा वर येतात त्याही अशाच. ही गोष्ट कळली त्या दिवशी मला हा परका देश एकदम ओळखीचा वाटला. तुकडे कुठपर्यंत सापडतात ते नकाशावर मांडलं की खताची गाडी कुठवर जात होती ते कळतं, आणि कुठलं रान गावाला जवळचं होतं, कुठलं लांबचं, तेही.

ट्रेंच क्रमांक २३ मध्ये चित्रातला मोठा चौकोन सापडला. चर, वर दीड मीटर रुंद, खाली निमुळता. तपासणीत चर सगळा खणत नाहीत. एक मीटर रुंदीचा छेद घेतात, त्याची भिंत साफ करतात, एकास दहा प्रमाणात चित्र काढतात, तळातली चाळीस लिटर काळी माती नमुना-बादल्यांत भरतात, म्हणजे पाण्यात ती सोडली की जळके दाणे वर तरंगतात. छेदात राखाडी खापरं होती, आणि नेन नदीच्या खोऱ्यातल्या भट्ट्यांचा तपकिरी मुलामा दिलेल्या भांड्याचा एक काठ. रोमन काळातलं शेतघर. महाल नव्हे, गुरं, गहू, चिखल आणि एक कुटुंब.

चराच्या काठाला, भरावात थोडं वर, मला बारीक हाडं दिसली. कोकराची असतील म्हणून मी ब्रशनं माती बाजूला केली, आणि हात थांबला. बरगड्या उदबत्तीच्या काडीएवढ्या. आमच्यातल्या हाडांच्या जाणकार बाईंना बोलावलं. त्या गुडघ्यांवर बसल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, नुकतं जन्मलेलं.

रोमन काळातल्या ब्रिटनमध्ये तान्ह्या बाळांना मोठ्यांच्या दफनभूमीत सहसा नेत नसत. घराच्या आसपास ठेवत, चराच्या कडेला, भिंतीशी, कधी जमिनीखालीच. इनामगावला साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वी लहान मुलांना दोन कलशांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरलेलं आहे. वर्गात त्या कलशांच्या स्लाइडा बघताना मी टिपणं घेतली होती: आकार, दिशा, खापराचा प्रकार. परीक्षेत चांगले गुण मिळाले होते. ट्रेंच २३ मध्ये ती टिपणं मला वेगळ्या तऱ्हेनं आठवली. मधल्या काळात मला मुलगी झाली होती.

तपासणीच्या टप्प्यावर माणसाची हाडं शक्यतो उचलत नाहीत. उचलायची तर १८५७च्या दफन कायद्याखाली न्याय मंत्रालयाचा परवाना लागतो, आणि इथे काम फक्त ‘आहे’ एवढं कळण्याचं असतं. फोटो घेतला, जागा मोजली, नोंद केली. मग झाकायचं. फावडं हाताशी होतं, पण मी बारीक माती ओंजळीनं सोडली. सुपरवायझर ट्रेंचच्या वर उभा होता, त्यानं टोपी काढून हातात धरली होती. पुढे पूर्ण उत्खनन होईल तेव्हा त्या बाळाला तिथून नीट उचलतील. आत्ता ते कुठे आहे हे माहीत आहे, आणि पायाचा खड्डा त्यावर बेसावध येणार नाही.

चार टक्के बघितलं म्हणजे शहाण्णव टक्के बघितलं नाही, हे मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. रोमन शेतघराचे चर लांबलचक असतात, ते कुठल्या ना कुठल्या ट्रेंचमध्ये येतातच. एकटं थडगं येईल याची खात्री नाही. एप्रिल २०२२ मध्ये नॉर्दॅम्प्टनशरमधल्या हार्पोल गावी घरांच्या जागेवर उत्खनन चालू असताना सातव्या शतकातल्या एका स्त्रीचं दफन सापडलं. हाडं विरून गेलेली, दातांच्या आवरणाचे कण तेवढे उरलेले, आणि गळ्याच्या जागी तीस मणी-पदकांची माळ: सोनं, तांबडे गार्नेट, काच, आणि रोमन नाणी ओवलेली. बातमीतला फोटो मी आईला पाठवला. तिचं उत्तर आलं, “अगं, ही तर पुतळ्यांची माळ!” अगदीच चूक नव्हे. आपल्या पुतळ्या म्हणजे मुळात व्हेनिसची सोन्याची नाणी, लांबून आलेली आणि गळ्यात स्थिरावलेली. हार्पोलच्या बाईच्या गळ्यातही आधीच्या, सरून गेलेल्या साम्राज्याची नाणी होती. तिचं थडगं असून असून केवढं असणार? माझ्या दोन ट्रेंचच्या मधल्या जागेत तशा कितीतरी जणी मावतील. म्हणून ट्रेंच आखायच्या आदल्या रात्री मी नकाशा घेऊन बसते, आणि एखादी ट्रेंच कमी करता येईल का असं बिल्डरकडून विचारणं आलं की माझा आवाज चढतो.

दातांवरून एमसबरीचा तिरंदाज आठवतो. मे २००२ मध्ये, स्टोनहेंजपासून फार लांब नाही अशा एमसबरीला, नव्या घरांच्या आणि शाळेच्या जागेवर एक रोमन दफनभूमी खणायला लोक गेले होते. तिथे त्याहून अडीच हजार वर्षं जुना माणूस निघाला, इसवी सनपूर्व २३००च्या सुमाराचा. बरोबर पाच मातीची पात्रं, तीन तांब्याच्या सुऱ्या, गारगोटीची बाणाग्रं, धातूकाम करायचा दगड, आणि केसांत घालायचे सोन्याचे दोन लहान दागिने, ब्रिटनमध्ये सापडलेल्या सर्वांत जुन्या सोन्यांपैकी. दुखावलेल्या गुडघ्यानं तो लंगडत असणार. त्याच्या दातांच्या आवरणातल्या ऑक्सिजनवरून कळलं की लहानपणी तो जे पाणी प्यायला ते इथलं नव्हतं, आल्प्सच्या बाजूचं होतं. दात तयार होतात त्या वयातलं पाणी त्यांत राहून जातं. सॉल्झबरीच्या संग्रहालयात मी त्याच्यासमोर उभी होते तेव्हा जीभ नकळत माझ्याच दातांवरून फिरली. माझ्यात खडकवासल्याचं पाणी आहे. माझ्या मुलीच्या दातांत केंब्रिजचं असेल, चुन्याच्या खडकातून झिरपलेलं, किटलीच्या तळाला पांढरा थर धरणारं.

चाळीसपैकी सत्तावीस ट्रेंच रिकाम्या निघाल्या. रिकाम्या ट्रेंचलाही तेवढाच कागद लागतो: लांबी, खोली, दोन्ही टोकांच्या थरांची जाडी, पट्टी ठेवून फोटो. ‘इथे काही नाही’ असं कुणीतरी चिखलात उभं राहून, डोळ्यांनी बघून लिहिलेलं असतं. असे हजारो अहवाल यॉर्क विद्यापीठातल्या पुरातत्त्व विदा केंद्रात ठेवलेले आहेत, कुणालाही वाचता येतात. चार वर्षांपूर्वी आम्ही घर घेतलं, नव्या वसाहतीतलं. राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी मी त्या जागेचा अहवाल शोधून काढला. ट्रेंच क्रमांक १७ आमच्या स्वयंपाकघराखालून निघून मागच्या अंगणात जाते. कुणी अनोळखी सहकाऱ्यानं लिहिलं आहे: मध्ययुगीन नांगरटीच्या दोन सऱ्या, एक जुना पाणी काढायचा नळ, बाकी काही नाही. त्या सऱ्यांवर मी मेथी पेरते.

आणि आमचं आजोळ.

सदाशिव पेठेतला वाडा, अकरा बिऱ्हाडं. दिंडी, चौक, परसदारी हौद. नानासाहेब पेशव्यांनी १७५०च्या सुमारास कात्रजहून पाणी आणलं, ते पेठांमधल्या हौदांत खेळायचं. आजी म्हणायची, आपल्याही हौदात पूर्वी कात्रजचं पाणी यायचं. खरं होतं की घरोघरी सांगतात तसं सांगणं, मला माहीत नाही. वाडा पडायला आला होता. माळ्यावरून पाणी गळायचं, संडासाला रांग लागायची, आजीला जिना उतरवत नव्हता. रीडेव्हलपमेंटला मामानं सही केली ती काही चूक केली नाही. बिल्डरनंही जागेवर कायद्याबाहेर काही केलं असं मला म्हणता येणार नाही. संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामबंदी आणि पुढचे दोनशे मीटर नियंत्रण, हे १९५८च्या कायद्यात २०१० मध्ये आणलं. त्या वर्तुळाबाहेरच्या साध्या जमिनीला, बांधण्याआधी खाली काय आहे ते बघा, अशी इंग्लंडसारखी सर्वसाधारण अट आपल्याकडे नाही. कुणी विचारलं नाही, म्हणून कुणी बघितलं नाही.

मामानं कौतुकानं फोटो पाठवला. पार्किंगसाठी खणलेला दोन मजली खड्डा. मी तेव्हा इथे, एका शेतात, डबा खात होते. मामाला त्यात खड्डा दिसत होता, मला सेक्शन दिसत होता. वर विटांचा भुगा, खाली चुन्याची रेघ, मग राखट पांढरा थर, चांगला हातभर जाड, त्यात खापरं, आणि उजव्या अंगाला भिंतीत कापलेलं एक गोल तोंड.

“मामा, ते उजवीकडे गोल काय आहे?”

“कुठलं गं?”

“नळ आहे तो. खापरी नळ. आणि त्याच्याखाली पांढरी आहे, बघ ना. दोन दिवस थांबवता येईल का? कुणीतरी जाऊन मापं घेईल, मी बोलते.”

मामा गप्प झाला. मग समजावणीच्या आवाजात म्हणाला, “अगं, आज रात्री पीसीसी आहे, तळाला काँक्रीट पडणार. गाड्या सांगून झाल्या आहेत.”

माती कुठे गेली ते त्यालाही ठाऊक नव्हतं. राडारोड्याच्या गाड्या रात्रीतून जातात. त्या फोटोत मापाची पट्टी नाही, उत्तर दिशा नाही. झूम केलं की नळाचं तोंड चौकटी चौकटींत फुटतं. दीड हजार वर्षांच्या वर परक्या मातीत झोपलेल्या बाळाची जागा मी सेंटिमीटरपर्यंत सांगू शकते. माझी आजी जिथे पाणी भरायची ती जागा मला सांगता येत नाही.

गेल्या रविवारी मी ड्रॉइंगचा कागद काढला, पाण्यानं न भिजणारा, साइटवरचा. आई आणि मावशीला व्हिडिओ कॉलवर घेतलं. एकास वीसचं प्रमाण धरलं. उत्तर कुठे असं विचारलं तर आई म्हणाली, “उत्तर म्हणजे मारुतीच्या देवळाकडे.” मावशी म्हणाली, मारुती पश्चिमेला होता. हौद तुळशीच्या डाव्या हाताला की समोर, यावर अर्धा तास गेला. आई पावलांत सांगत होती, पण ती आठ वर्षांच्या मुलीची पावलं. आमच्या कामात खात्रीची कड सलग रेषेनं काढतात आणि अंदाजाची तुटक. न्हाणीघर तुटक, बंबाची जागा तुटक, पायऱ्या तुटक, हौदाच्या तीन बाजू तुटक.

मग मावशी म्हणाली, “तो खळगा काढलास का?” हौदाच्या काठावर दोरीच्या बाजूला, कळशी टेकवून टेकवून दगडात खळगा पडला होता. आई लगेच हो म्हणाली. मामालाही फोन लावला, तोही लगेच हो म्हणाला, कोपऱ्यापासून एक वीत, त्यात पावसाचं पाणी साठायचं आणि चिमण्या यायच्या. मी आईला वीत कॅमेऱ्यासमोर धरायला लावली, मग तीच वीत तिच्या शिवणाच्या टेपवर मोजून घेतली. एकोणीस सेंटिमीटर. तो खळगा मी सलग रेषेनं काढला.